जप्त प्रवाळाचा पत्ता हरवलेला असतो

मला विचारलेल्या प्रश्नाचे तीन तुकडे आहेत. तस्करीत पकडलेले प्रवाळ परत समुद्रात का सोडत नाहीत? शेवटी ते काचेच्या टाकीतच राहणार असतील, तर तस्कराच्या गिऱ्हाइकाने तरी वेगळं काय केलं असतं? आणि तिसरा, जरा दबक्या आवाजात विचारलेला: ओळखीतल्या एका हौशी माणसाने कागदपत्रं नसलेले दोन प्रवाळ ‘मरत होते म्हणून वाचवले’ आणि घरच्या टाकीत ठेवलेत, त्याला काय सांगायचं?

मी बरीच वर्षं एका सार्वजनिक मत्स्यालयाच्या विलगीकरण विभागात काम करते. लोकांना दिसतात त्या पुढच्या मोठ्या टाक्या. आमचा विभाग मागच्या अंगाला असतो. तिथे पायाखाली कायम ओल, पंपांची घरघर आणि भिंतीला लावून ठेवलेल्या मिठाच्या गोण्या. जप्तीचा माल तिथेच येतो. म्हणून उत्तर तत्त्वापासून न करता खोक्यापासून सुरू करते.

खोकं थर्माकोलचं असतं. आत दुहेरी प्लास्टिक पिशव्या, प्रत्येकीत थोडं पाणी आणि एक प्रवाळ. कायदेशीर निर्यातीतही खोकं असंच दिसतं, फक्त ते ठरलेल्या विमानाने येतं आणि शक्य तितक्या लवकर टाकीत रिकामं होतं. तस्करीतलं खोकं कधी ‘शोभेचे मासे’ या नावाखाली येतं, कधी परवाना असलेल्या जातींच्या थराखाली परवाना नसलेल्या जाती दडवलेल्या असतात, तर कधी ओल्या कागदात गुंडाळलेले तुकडे थेट प्रवाशाच्या बॅगेत सापडतात. बरं, पकडलं म्हणजे सुटलं असंही नाही. पंचनामा, मोजणी, फोटो, जात ओळखू शकणाऱ्या माणसाला बोलावणं, कुठल्या मत्स्यालयात रिकामी टाकी आहे याची फोनाफोनी, या सगळ्यात तास जातात, कधी दिवस. कायद्याच्या भाषेत तो मुद्देमाल. पण हा मुद्देमाल सील करून कपाटात ठेवता येत नाही, कारण तो जिवंत असतो.

झाकण उघडलं की आधी नाकाला कळतं. कुजलेल्या अंड्यासारखा वास आला की निदान एक पिशवी तरी गेलेली असते, आणि ती इतरांपासून तातडीने लांब करायची असते.

पुढच्या अर्ध्या तासात नवखी माणसं हमखास एक चूक करतात, आणि ती दयेपोटी करतात. एवढे हाल झालेल्या जीवाला नव्या पाण्याची सवय हळूहळू व्हावी म्हणून पिशवी उघडतात आणि तास-दोन तास थेंब थेंब पाणी सोडत बसतात. बंद पिशवीत प्रवाळाचा श्वास चालूच असतो, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाण्याचा पीएच उतरतो, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतं. त्याच पाण्यात अमोनियाही साठत असतो, पण पीएच उतरलेला असल्यामुळे तो बहुतांशी अमोनियमच्या रूपात असतो, आणि त्या रूपात तो बराच कमी विषारी. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि त्याच अमोनियमचा जहाल अमोनिया होतो. सावकाश सवय म्हणता म्हणता आपण प्रवाळाला विषात भिजवत ठेवलेलं असतं. म्हणून आम्ही पिशवी बंदच ठेवून टाकीच्या पाण्यावर तरंगू देतो, तापमान जुळलं की उघडतो, क्षारता मोजतो आणि प्रवाळ लगेच स्वच्छ पाण्यात घेतो. पिशवीतलं पाणी टाकीत पडू द्यायचं नाही.

दुसरी चूक दिव्यांची. प्रवाळ हा प्राणी आहे. हजारो छोटे पॉलिप, त्यांच्या मांसल थरात राहणारं सूक्ष्म शैवाल, आणि खाली त्यांनीच घडवलेला चुन्याचा सांगाडा, असं ते बिऱ्हाड. यातलं शैवाल उजेडावर अन्न तयार करतं. म्हणून वाटतं, दोन दिवस अंधारात काढलेत, भरपूर उजेड देऊ. पण थकलेल्या शैवालावर एकदम प्रखर प्रकाश पडला तर ते काम करण्याऐवजी घातक ऑक्सिजन संयुगं सोडू लागतं आणि प्रवाळ त्याला अंगाबाहेर काढतो. यालाच आपण विरंजन म्हणतो. आमच्या विलगीकरणातल्या दिव्यांखाली पहिल्या आठवड्यात वाचन करायला बसलात तर डोळे दुखतील, इतका उजेड कमी असतो. तो आठवड्या-आठवड्याने वाढवायचा.

मग किडे. अ‍ॅक्रोपोरा या फांद्याफांद्यांच्या प्रवाळावर एक चपटा कृमी जगतो. तो प्रवाळाच्याच रंगाचा आणि इतका पातळ असतो की डोळ्यांसमोर असून दिसत नाही. दिसतात ते त्याच्या चाव्याचे फिकट गोल डाग. आयोडीनच्या किंवा तत्सम द्रावणात प्रवाळ बुडवून हलवला की कृमी गळून पडतात. अंडी मात्र गळत नाहीत, मरतही नाहीत. ती फांदीच्या बुडाशी, मेलेल्या सांगाड्यावर तांबूस खपल्यांसारखी चिकटलेली असतात आणि फुटायला आठवडे घेतात. म्हणून एकदा बुडवून भागत नाही. दर काही दिवसांनी बुडवायचं, भिंग लावून बुंधा तपासायचा, दात घासायच्या ब्रशने खरवडायचं, आणि असं दोन-दोन महिने करायचं.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. सुरुवातीच्या काळात एकदा विलगीकरणातल्या टाकीत वापरलेली लांब पिपेट नुसती नळाखाली धुऊन मी तीच पुढच्या प्रदर्शन टाकीत खाद्य द्यायला वापरली. कृमी तिच्यातूनच गेले असं मी शपथेवर सांगू शकत नाही, पण दुसरी वाट मला आजवर सापडलेली नाही. तिथली अकरा वर्षं वाढवलेली अ‍ॅक्रोपोराची वसाहत दीड महिन्यात बुडापासून टोकापर्यंत पांढरी झाली. जप्तीतले चार तुकडे वाचवताना आधीच सुखरूप असलेलं एक मोठं झाड मी घालवलं. तेव्हापासून दोन्हीकडच्या बादल्या, ब्रश, पिपेट वेगळ्या रंगाच्या आहेत, आणि विलगीकरणातली लाल रंगाची वस्तू त्या दाराबाहेर दिसली तर मी अजूनही ओरडते.

माणसांच्या जीवाची गोष्टही इथेच सांगून टाकते. जप्तीच्या मालात पॅलिथोआ नावाचे बटणांसारखे दिसणारे जीव पुष्कळदा दगडाला चिकटून येतात. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय तीव्र विष असतं. हातमोजे आणि चष्मा न घालता ते खरवडायचे नाहीत, आणि असा दगड ‘निर्जंतुक’ करायला उकळायचा तर मुळीच नाही. वाफेतून आणि तुषारांतून विषबाधा होऊन घरातली सगळी माणसं रुग्णालयात गेल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत.

आता पहिल्या प्रश्नाकडे. समजा हे सगळं पार पडलं, प्रवाळ तगला, पॉलिप उघडले. मग समुद्रात का नाही?

कुठल्या समुद्रात, हा माझा उलट प्रश्न. खोक्यावरचा देश खरा असेलच असं नाही. तो खरा धरला तरी बेट कोणतं, खडक कोणता, किती खोलीवरचा, हे कुठेच लिहिलेलं नसतं. एकाच जातीचा प्रवाळ हिंदी महासागरातही असतो आणि पॅसिफिकमध्येही, पण पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्या उन्हात, वेगळ्या तापमानात वाढलेला. त्याच्या अंगातलं शैवालही वेगळं असू शकतं. शिवाय तस्कराच्या गोदामात तो कोणाकोणाच्या शेजारी, कोणाच्या पाण्यात राहिला, हे कळायला मार्ग नाही. आम्ही दिसणारे कृमी काढतो. न दिसणारे जिवाणू आणि विषाणू घेऊन तो एखाद्या निरोगी खडकावर गेला तर? तस्कर प्रवाळ नेतो तेव्हा त्याचा पत्ताही पुसून टाकतो, आणि पत्ता नसलेल्याला घरी कसं पोचवणार?

मत्स्यालयातले जीव बाहेर पडले की काय होतं याची उदाहरणं आहेत. लायनफिश हा हिंदी-प्रशांत भागातला मासा 1980च्या दशकात फ्लोरिडाजवळ अटलांटिकमध्ये दिसला, मत्स्यालय व्यापारातून सुटलेला, आणि आज सगळ्या कॅरिबियनभर तिथल्या लहान माशांचा फडशा पाडतो आहे. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर युनोमिया नावाच्या परक्या मऊ प्रवाळाने मूळ प्रवाळांवर अंथरूण घालावं तशी पसरण केली आहे. तोही मत्स्यालयाच्या वाटेनेच पोचला असं मानतात. सोडणाऱ्याला कदाचित आपण पुण्य केल्यासारखंही वाटलं असेल.

वन्यजीव व्यापारावरचा साइट्स करार जप्त केलेल्या जिवंत जीवांसाठी तीनच वाटा धरतो: ताब्यात ठेवून सांभाळणं, निसर्गात परत पाठवणं, किंवा वेदना न देता मारून टाकणं. तिसरी वाट लोकांना ऐकवत नाही, पण ती कागदावर आहे आणि कधीकधी तीच बरोबर असते. अंगावरचा मांसल थर विरघळत चाललाय, तपकिरी चिकट रोग पसरलाय आणि शेजारच्या टाकीत वीस धडधाकट तुकडे आहेत, अशा वेळी मी तो प्रवाळ बाहेर काढते. सांगाडा मात्र फेकत नाही. वाळवून, क्रमांक लावून ठेवते. खटला चालू असेपर्यंत मेलेला प्रवाळही पुरावाच असतो, आणि करारातली बंधनं सांगाड्यालाही लागू असतात.

दुसऱ्या प्रश्नातला बोचरा भाग मी मान्य करते. काच तीच, दिवे तेच, मीठ तेच. मग फरक कशात?

फरक कळायला प्रवाळ उलटा करावा लागतो. विकणारा वरचा रंग दाखवतो. मी आधी बुड बघते. खडकावरून छिन्नीने काढलेल्या तुकड्याचं बुड ओबडधोबड असतं. त्यात कृमींच्या नळ्या, स्पंजांनी पोखरलेली भोकं, चिमुकले शिंपले, गुलाबी-जांभळ्या चुनखडी शैवालाचे पापुद्रे, आणि कुठेतरी तुटल्याची ताजी पांढरी कड. शेतीत वाढवलेला प्रवाळ सिमेंटच्या किंवा चिनीमातीच्या छोट्या चकतीवर असतो, आणि त्याचा मांसल थर चकतीच्या कडेवरून खाली उतरून तिला मिठी मारून बसलेला असतो. ती मिठी महिन्यांची कमाई असते, घाईने आणता येत नाही. मधला प्रकार लबाडीचा. खडकावरचा तुकडा तोडून गेल्याच आठवड्यात चकतीवर सुपरग्लूने चिकटवलेला. गोंदाची कड उघडी, मांसल थर गोंदाशी येऊन थबकलेला. कागदावर ‘संवर्धित’. परवान्यावर उगमाचं एक अक्षर असतं: निसर्गातून काढलेल्याला ‘डब्ल्यू’, बंदिवासात जन्मलेल्याला ‘सी’ किंवा ‘एफ’, जप्तीतल्याला ‘आय’. ते अक्षर बदलायला एक पेन पुरतं. बुड बदलायला वेळ लागतो.

साइट्स 1975 पासून अमलात आहे. त्याच्या परिशिष्ट 2 मध्ये सगळे कठीण प्रवाळ आहेत. याचा अर्थ व्यापार बंद असा नाही. निर्यात करणाऱ्या देशाने दोन गोष्टींची ग्वाही द्यायची, की हा प्रवाळ कायद्याने मिळवलेला आहे आणि तो काढल्यामुळे त्या जातीचं निसर्गात वाईट होणार नाही. बहुतेक मऊ प्रवाळ या यादीबाहेर आहेत. त्यापलीकडे देशांचे स्वतःचे कायदे: फिलिपिन्सने 1970च्या दशकातच प्रवाळ काढण्यावर आणि निर्यातीवर बंदी घातली, तर भारतात 2001 पासून कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहेत. बंदी आहे म्हणून चोरी थांबते असं नाही. 2011 मध्ये मनिला बंदरात एकाच जप्तीत काळ्या प्रवाळाचे 21 हजारांहून जास्त तुकडे सापडले, शिवाय कासवं. ते सगळे मेलेले होते, शोभेच्या वस्तूंसाठी. तस्करीचा मोठा भाग असाच सांगाड्यांचा असतो. तिथे वाचवण्याचा प्रश्नच येत नाही.

कागद आणि पत्ता जपला तर तीच टाकी काय करू शकते हे फ्लोरिडाने दाखवलं. 2014 मध्ये मायामीजवळ प्रवाळांचा एक नवा रोग दिसला. त्यात मांसल थर आठवड्यांत गळून पडतो; वीसहून अधिक जातींना तो होतो आणि पुढे तो कॅरिबियनभर पसरला. रोगाची लाट पोचण्याआधीच त्या खडकांवरचे निरोगी प्रवाळ उचलून देशभरातल्या मत्स्यालयांत हलवण्याचा निर्णय झाला. इथे प्रत्येक तुकड्याची जागा, तारीख, क्रमांक लिहिलेला होता. त्यांच्यातल्या खांबासारख्या वाढणाऱ्या पिलर प्रवाळाने 2019च्या ऑगस्टमध्ये फ्लोरिडा अ‍ॅक्वेरियमच्या टाकीत अंडी-शुक्राणू सोडले. अटलांटिकमधल्या प्रवाळाकडून प्रयोगशाळेत हे करवून घेण्याची ती पहिली वेळ. त्यामागचं तंत्र लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयातल्या मत्स्यालयात जेमी क्रॅग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलं होतं: वर्षभराचं समुद्राचं तापमान, दिवसाची लांबी, सूर्यास्ताची वेळ आणि चंद्राचा उजेडसुद्धा संगणकाने टाकीवर उतरवायचा. प्रवाळाला पौर्णिमा कळली की मग तो ठरलेल्या रात्री प्रसवतो. मी अशी एक रात्र पाहिली आहे. लाल टॉर्चच्या उजेडात पॉलिपच्या तोंडाशी गुलाबी मणी येऊन थांबतात, वीस-पंचवीस मिनिटं तसेच अडकून राहतात, आणि मग सगळे जण एका दमात सुटून वर तरंगतात. त्या वेळी खोलीत कोणी बोलत नाही.

आमच्या जप्तीतल्या प्रवाळांनीही उद्या अंडी सोडली, तर मी त्यांच्या पिल्लांचं काय करणार? त्यांना लावायला माझ्याकडे खडक नाही. शिकण्यासाठी, शिकवण्यासाठी, औषधांचं प्रमाण ठरवण्यासाठी ते उपयोगी पडतील. पण खडक भरून काढायला नाही.

म्हणून ‘सुटका’ हा शब्द मला खटकतो. पोपट पिंजऱ्यातून सुटतो तशी प्रवाळाची सुटका होत नसते. आम्ही करतो ती जन्मभराची सांभाळणूक, आणि बहुतेक वेळा तिचा खर्च कोणी देत नाही. नीट ठेवलेला प्रवाळ माणसापेक्षा जास्त जगू शकतो. जप्त प्रवाळ मत्स्यालयांनी सांभाळायला विरोध करणाऱ्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा मला हाच वाटतो: मत्स्यालयं फुकटात सांभाळतात म्हणून यंत्रणांना पुढची सोय करायची निकड वाटत नाही, आणि टाक्या भरल्या की जप्ती करायलाच हात आखडतो. यावर मत्स्यालयांनी एकत्र येऊन जागेची नोंद ठेवणं हा एक मार्ग आहे. अमेरिकेत 2023 मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियापासून तसं जाळं उभारायला सुरुवात झाली. दंडातला काही भाग सांभाळणुकीकडे वळवला जावा, असं मला वाटतं. दंड तिजोरीत आणि प्रवाळ आमच्या गळ्यात, हे फार दिवस चालणारं नाही.

दुसरा आक्षेप, की सुंदर टाकी पाहून लोकांना घरी तशीच हवीशी वाटते. खरं आहे. मी पाट्यांवर ‘हा जप्तीतला’ असं लिहिण्याचा आग्रह धरला तेव्हा आमच्यातल्याच एकाचं म्हणणं होतं की लोक सहलीला येतात, त्यांना कशाला गुन्ह्याच्या गोष्टी. माझं म्हणणं उलट आहे: पाटी नसेल तर आपण त्या तस्कराचीच जाहिरात करतोय. आणि एक गोष्ट कधीच करायची नाही. जप्तीतल्या प्रवाळाचे तुकडे करून ते विकायचे नाहीत, देवाणघेवाणीतही हौशी लोकांकडे जाऊ द्यायचे नाहीत. कारण मग जप्ती हा पुरवठ्याचाच एक आडमार्ग होतो.

हौशी लोकांची बाजू मी हलक्यात घेत नाही. प्रवाळाचा तुकडा तोडून चिकटवला की तो नवी वसाहत होतो, ज्याला ते ‘फ्रॅग’ म्हणतात, आणि अशी एक वसाहत शेकडो टाक्या भरू शकते. प्रकाश, कॅल्शियम, क्षारमानाचं गणित, यातलं बरंच शहाणपण हौशी लोकांनी आपल्या पैशाने आणि चुकांनी मिळवलं आणि मग ते आम्हा पगारी माणसांना मिळालं. मॉन्टिपोरा, अ‍ॅक्रोपोराच्या पुष्कळ जाती, मऊ चामडी प्रवाळ यांच्यासाठी आज कोणी खडकावर छिन्नी चालवायची गरज नाही. पण हाच युक्तिवाद मोठ्या तोंडाच्या मांसल प्रवाळांना लावला की माझा विश्वास उडतो. कॅटालाफिलिया, ट्रॅकिफिलिया, होमोफिलिया हे एकेकटे, सावकाश वाढणारे. कापले तर बरेचदा जखमेतूनच जातात. बाजारातले बहुतेक समुद्रातून उचललेलेच असतात, आणि जितका रंग दुर्मिळ तितकी उचलेगिरी जास्त. ‘प्रवाळ पाळावेत की नाही’ हा प्रश्न मला निरर्थक वाटतो. कुठली जात आणि कुठून, एवढं सांगा, मग बोलू.

सरसकट बंदीने काय होतं तेही पाहिलं. इंडोनेशियाने 2018 मध्ये प्रवाळांची निर्यात थांबवली तेव्हा किनाऱ्यावर चौकटी टाकून प्रवाळशेती करणारेही त्यात सापडले. चोर सोडून संन्याशाला फाशी. संवर्धित प्रवाळांसाठी दार पुन्हा उघडायला 2020 उजाडलं.

आणि एक तारतम्य ठेवायला हवं. जगभरातले प्रवाळ मरत आहेत ते मुख्यतः समुद्र तापल्यामुळे. एप्रिल 2024 मध्ये चौथ्या जागतिक विरंजनाची घोषणा झाली. त्याच वर्षी आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने खडक बांधणाऱ्या प्रवाळांपैकी 44 टक्के जाती नामशेष होण्याच्या धोक्यात असल्याचं सांगितलं. त्यापुढे मत्स्यालय व्यापार लहान आहे. पण ‘समुद्र तापतोच आहे, मग माझ्या दोन तुकड्यांनी काय होतं’ असं जेव्हा कोणी म्हणतं, तेव्हा मला घर जळताना भांडी पळवणारा आठवतो. विरळ असलेली जात, बोट सहज जाईल असा खडक, आणि रात्रीत दहा-बारा वसाहती उचललेल्या, एवढ्याने त्या जागेपुरता तो प्रवाळ संपू शकतो. उरलेले एकमेकांपासून इतके लांब पडतात की अंडी आणि शुक्राणू पाण्यात सुटूनही भेटत नाहीत.

राहिला तुमचा मित्र. ‘मरत होता म्हणून घेतला’ हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता राग येत नाही. त्याचा हेतू चांगला असेलही. पण विकणाऱ्याला हेतू कळत नाही, त्याला एवढंच कळतं की माल खपला आणि पुढच्या खेपेला दोन जास्त मागवायला हरकत नाही. ‘वाचवलेला’, ‘जप्तीतून सोडवलेला’ असं सांगून कोणी विकत असेल तर तिथून उठावं. खरा जप्त प्रवाळ असा काउंटरवर येत नाही.

आता ते दोन तुकडे घरात आहेतच, तर त्याला हे सांगा. समुद्रात सोडू नकोस. तोडून कोणाला वाटू नकोस, कारण तुकडे केले की पुरावाही तुटतो आणि अपराधही वाढतो. ज्या टाकीत आहेत तिथेच राहू दे, पण त्या टाकीची जाळी, नळी, बादली दुसरीकडे वापरू नकोस. कुठून घेतले, कधी, काय बोलणं झालं, ते आठवतंय तोवर लिहून काढ. नुसतं जवळ बाळगणं हाही कित्येक ठिकाणी गुन्हा असतो, तेव्हा आधी वकिलाशी बोल आणि मग त्याच्यामार्फत वन्यजीव खात्याला कळव. मत्स्यालयाच्या दारात रात्री बादली ठेवून जाऊ नकोस. आमच्याकडे तसंही झालेलं आहे, आणि बेवारस बादलीतला प्रवाळ आम्हाला कायद्याने हातही लावता येईना, खात्याचा माणूस येईपर्यंत तो तसाच बसून राहिला.

आणि खात्याला पाठवायला फोटो काढेल तेव्हा वरून दोन पुरेत. एक मात्र पाण्याखालीच तुकडा हलकेच तिरपा करून, हातमोजे घालून, बुडाचा काढायला सांगा.